पेप्सीन कसे चालते आणि ते नेमके कशाने थांबते: प्रयोगशाळेसाठी सविस्तर मार्गदर्शक

पेप्सीन हे जठरात प्रथिने पचवणारे विकर (एन्झाइम). पुण्यातील अनेक महाविद्यालयांत जीवरसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून त्याचा प्रयोग करून घेतला जातो. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचे गढूळ पाणी, त्यात पेप्सीन आणि हायड्रोक्लोरिक आम्ल, आणि काही मिनिटांनी स्वच्छ झालेली परीक्षानळी एवढ्यावर हा प्रयोग बहुधा संपतो. त्याच्या पुढची पायरी, म्हणजे पेप्सीनचे काम थांबवणे, पदव्युत्तर वर्गांतल्या प्रकल्पांत येते, आणि तिथे एक ढिलाई वारंवार दिसते: विकराचे काम थांबले की त्याचा अवरोध झाला, असे सरळ लिहून टाकले जाते. आम्ल कमी झाल्याने थांबलेले पेप्सीन, उष्णतेने किंवा अल्कलीने मोडलेले पेप्सीन आणि अवरोधकाने अडवलेले पेप्सीन या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकमेकींपासून वेगळ्या करता येणे हाच या प्रयोगाचा गाभा आहे, असे मी मानतो, आणि पुढची सगळी कृती त्याच हेतूने मांडली आहे.

आधी रेणू समजून घ्यावा

जठराच्या अस्तरातील मुख्य पेशी पेप्सीन तयार स्वरूपात सोडत नाहीत. त्या पेप्सिनोजेन नावाचे निष्क्रिय पूर्वरूप सोडतात, आणि शेजारच्या पॅरायटल पेशी हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतात. डुकराच्या पेप्सिनोजेनमध्ये साखळीच्या सुरुवातीला ४४ अमिनो आम्लांचा एक जादा तुकडा असतो. त्यात लायसीनसारखी धनभारित अमिनो आम्ले बरीच असतात, आणि विकराच्या अंगावरील ऋणभारित कार्बोक्सिल गटांशी त्यांचे आकर्षण असल्यामुळे हा तुकडा क्रियाशील केंद्राच्या खाचेवर घट्ट बसून राहतो. आम्ल वाढले की कार्बोक्सिल गट प्रोटॉन घेतात, त्यांचा ऋणभार जातो, आकर्षण सुटते, तुकडा बाजूला सरकतो आणि मोकळे झालेले विकर तो स्वतःच कापून टाकते. सामू (पीएच) ५ च्या खाली गेल्यावर ही क्रिया सुरू होते आणि सामू जसजसा उतरेल तसतशी ती वेगवान होते.

या विकराचा इतिहासही मोठा आहे. थिओडोर श्वान यांनी १८३६ मध्ये ते ओळखले आणि जॉन नॉर्थ्रॉप यांनी १९३० मध्ये त्याचे स्फटिक मिळवले. विकरे ही प्रथिनेच असतात, हे त्या काळी सर्वमान्य नव्हते. ते पटवण्यात या स्फटिकांचा मोठा वाटा होता, आणि १९४६ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात नॉर्थ्रॉप यांचा सहभाग त्याच कामासाठी होता. १९३४ मध्ये जे. डी. बर्नाल आणि डोरोथी क्रोफूट (पुढे हॉजकिन) यांनी ओल्या ठेवलेल्या पेप्सीन स्फटिकावर क्ष-किरण टाकून प्रथिनाचे पहिले सुस्पष्ट विवर्तन चित्र मिळवले.

सक्रिय पेप्सीनची साखळी ३२६ अमिनो आम्लांची असून रेणुभार सुमारे ३४,६०० आहे. तिची घडी दोन साधारण सारख्या भागांत पडते आणि मधल्या खोल खाचेत ३२ व्या आणि २१५ व्या स्थानावरील दोन ॲस्पार्टिक आम्ले समोरासमोर येतात. त्यांच्या मधोमध एक पाण्याचा रेणू धरलेला असतो. दोघांपैकी एकाचा कार्बोक्सिल गट प्रोटॉन सोडलेला आणि दुसऱ्याचा प्रोटॉन धरलेला असला, तरच हे यंत्र चालते. प्रोटॉन सोडलेला गट पाण्याच्या रेणूकडून प्रोटॉन ओढतो, त्यामुळे ते पाणी पेप्टाइड बंधातील कार्बनवर हल्ला करते, आणि दुसरा गट आपला प्रोटॉन त्या बंधाच्या ऑक्सिजनला देतो. क्षणभर त्या कार्बनवर चार एकेरी बंध असलेली चतुष्फलकीय मधली अवस्था तयार होते, आणि ती कोसळताना साखळी तुटते. फिनाइलॲलनीन, टायरोसीन, ल्युसीन यांसारख्या जलविरोधी अमिनो आम्लांशेजारचे बंध पेप्सीन जास्त पसंत करते.

यात ध्यानात ठेवण्याजोगी बाब अशी की ट्रिप्सीनसारख्या सेरीन प्रोटिएजमध्ये, म्हणजे सेरीन या अमिनो आम्लाच्या जोरावर प्रथिने तोडणाऱ्या विकरांत, आधारद्रव्याचा (ज्यावर विकर काम करते त्या पदार्थाचा) तुकडा काही काळ विकराला सहसंयुज बंधाने चिकटतो; पेप्सीनमध्ये तसे होत नाही, कारण हल्ला थेट पाण्याचा असतो. म्हणूनच सेरीनला पकडणारे पीएमएसएफ किंवा सिस्टीनला पकडणारे ई-६४ पेप्सीनवर निष्प्रभ ठरतात.

थांबण्याचे प्रकार

पहिला प्रकार सामूचा. सामू २ च्या आसपास पेप्सीन सर्वांत जोमाने चालते. सामू ५-६ ला नेल्यास काम जवळजवळ बंद पडते, पण घडी शाबूत राहते, म्हणून आम्ल परत दिल्यास काम पुन्हा सुरू होते. सामू ८ च्या आसपास नेल्यास मात्र घडीच उलगडते, आणि नंतर कितीही आम्ल घातले तरी क्रिया परत येत नाही. हा दुसरा प्रकार. उकळण्याने होणारा नाशही याच जातीचा. आम्लपित्तावरची अँटासिड औषधे किंवा आम्लाचा पंप बंद करणारे ओमेप्राझोल पेप्सीनला हातही लावत नाहीत. ती फक्त सामू चढवतात.

तिसरा प्रकार हा खरा अवरोध. त्याचे नमुनेदार उदाहरण पेप्स्टॅटिन. जपानमध्ये हामाओ उमेझावा यांच्या गटाने १९७० मध्ये ते स्ट्रेप्टोमायसिस या जिवाणूपासून मिळवले. रेणुभार सुमारे ६८६ असलेल्या या छोट्या पेप्टाइडमध्ये स्टॅटिन नावाचे एक अनोखे अमिनो आम्ल आहे. स्टॅटिनमधील हायड्रॉक्सिल गट दोन ॲस्पार्टिक आम्लांच्या नेमका मध्ये, पाण्याच्या जागी जाऊन बसतो, आणि आजूबाजूची रचना वर सांगितलेल्या चतुष्फलकीय अवस्थेसारखी दिसते. विकराला ती अवस्था सर्वांत घट्ट धरायची सवय असते, पण इथे तोडण्याजोगा बंधच नसतो. परिणामी पेप्सीनशी त्याची पकड विलक्षण घट्ट होते: अवरोध स्थिरांक (हा आकडा जितका लहान तितकी पकड घट्ट) सुमारे ०.०५ नॅनोमोलर.

चौथा प्रकार कायमच्या रासायनिक बदलाचा. तांब्याच्या आयनांच्या सान्निध्यात डायझोॲसेटिल नॉरल्युसीन मिथाइल एस्टर २१५ व्या ॲस्पार्टिक आम्लाशी, आणि ईपीएनपी हे इपॉक्साइड ३२ व्याशी, सहसंयुज बंध करते. ही दोन आम्ले क्रियेसाठी अत्यावश्यक आहेत, हे अशा अभिक्रियांमुळेच कळले. ही रसायने विषारी आहेत आणि पदवीच्या प्रयोगशाळेत त्यांचे काम नाही.

निसर्गात आणखीही अवरोधक आहेत. आतड्यात राहणारा जंत, ॲस्कॅरिस, यजमानाच्या पेप्सीनला रोखणारे एक प्रथिन बनवतो. पुण्यात पाषाण परिसरातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी अल्कली आणि उष्णता सोसणाऱ्या एका बॅसिलस जिवाणूपासून पेप्सीनच्या गटातील विकरांना रोखणारे लहान पेप्टाइड मिळवले, आणि ते एचआयव्हीच्या प्रोटिएजवरही चालते, हे २००१ मध्ये प्रसिद्ध केले. पेप्सीन आणि एचआयव्हीचे प्रोटिएज यांचा असा संबंध आश्चर्याचा नाही, कारण दोन्हींचे क्रियाशील केंद्र दोन ॲस्पार्टिक आम्लांचेच आहे. रक्तदाबाशी संबंधित रेनिन आणि पेशींतील कॅथेप्सीन डी हीदेखील याच घराण्यातली.

पहिला प्रयोग: अंड्याच्या बलकावर

एका अंड्याचा पांढरा बलक ५०० मिलिलिटर पाण्यात मिसळावा, ढवळत ढवळत उकळी आणावी, आणि थंड झाल्यावर मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळावे. दुधट, एकसारखे गढूळ पाणी मिळाले पाहिजे. गाठी दिसल्या तर पुन्हा गाळावे. अंडे शिळे होत जाते तसा त्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन बलक अधिक अल्कधर्मी होतो, त्यामुळे दोन गटांनी वेगवेगळी अंडी वापरली तर आम्लाची गरजही वेगळी पडते. एका दिवशीच्या सर्व नळ्यांना एकच घाणा वापरावा. अंडे वापरायचे नसल्यास अनेकजण दूध पावडर घेतात, पण ती इथे उपयोगाची नाही: केसीन सामू ४.६ जवळ साकळते आणि आणखी आम्ल मिळाले की पुन्हा विरघळू लागते, म्हणजे पेप्सीन नसतानाही नळी निवळू शकते.

पेप्सीनची पावडर थंड ऊर्ध्वपातित पाण्यात ०.०२ टक्के प्रमाणात विरघळवावी आणि भांडे बर्फात ठेवावे. बाटलीवर १:१०००० असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ एक भाग पावडर ठरावीक परिस्थितीत दहा हजार भाग गोठलेला बलक पचवते. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या पाचक सिरपांतही पेप्सीन असते, पण सोबत डायस्टेज (पिष्ट पचवणारे विकर), साखर आणि रंग असल्यामुळे मोजमापासाठी ती घेऊ नयेत. पेप्स्टॅटिन पाण्यात फारच कमी विरघळते, म्हणून १ मिलिलिटर डीएमएसओ या द्रावकात १ मिलिग्रॅम असा साठा करून, छोट्या भागांत वाटून, उणे २० अंशांवर ठेवावा.

पहिल्या नळीत १ मिलि पेप्सीन विद्राव आणि १ मिलि ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल घ्यावे, पाच मिनिटे थांबावे, आणि मग ३७ अंशांना आणलेले ५ मिलि बलकाचे पाणी घालावे. ही झाली मुख्य नळी. बाकीच्या नळ्या तिच्यात एकेकच बदल करून तयार होतात. दुसरीत पेप्सीनऐवजी पाणी. तिसरीत आम्लाऐवजी पाणी. चौथीत दहा मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवलेले पेप्सीन. पुण्याच्या उंचीवर पाणी सुमारे ९८ अंशांना उकळते, पण त्याने इथे काही बिघडत नाही. पाचवीत आम्ल घातल्यानंतर १० मायक्रोलिटर पेप्स्टॅटिन. सहावीत तितकेच नुसते डीएमएसओ. पेप्स्टॅटिनची पकड आम्लात चांगली बसते, म्हणून ते आम्ल घालण्याआधी घालू नये.

सातवी आणि आठवी नळी बहुतेक मांडण्यांत नसतात, आणि मला त्याच सर्वांत बोलक्या वाटतात. सातवीत फक्त पेप्सीन विद्राव घेऊन त्यात ५० मिलिग्रॅम खाण्याचा सोडा घालावा, ३७ अंशांवर पंधरा मिनिटे ठेवावे, आणि मग २ मोलर आम्ल थेंबाथेंबाने घालत सामू २ वर आणावा. फेस बराच येतो, त्यामुळे नळी मोठी घ्यावी आणि थेंबागणिक हलवावी. आठवीत सोड्याऐवजी सामू ५.५ चा ०.१ मोलर ॲसिटेट बफर ०.१ मिलि घालावा आणि पुढे तसेच करावे. नंतर दोन्हींत बलकाचे पाणी घालावे. आठवी नळी निवळते आणि सातवी गढूळच राहते. दोन्हींचा सामू आता सारखाच आहे. फरक फक्त मधल्या पंधरा मिनिटांत विकराची घडी टिकली की मोडली, एवढाच.

सर्व नळ्या वॉटर बाथमध्ये ३७ अंशांवर ठेवाव्यात. डिसेंबरच्या सकाळी खोलीतले तापमान खूप उतरलेले असते, तेव्हा नळी पाहण्यासाठी बाहेर काढून हातात धरून ठेवू नये. नळीमागे वर्तमानपत्र धरून अक्षरे वाचता येईपर्यंतचा वेळ नोंदवावा. मुख्य नळी साधारण पंधरा-वीस मिनिटांत निवळेल, अशी पेप्सीनची संहती आधी एक-दोन चाचण्या घेऊन ठरवावी, कारण पेप्सीन फार जास्त असेल तर ते सगळे अडवायला पेप्स्टॅटिनही जास्त लागते, आणि ते महाग आहे.

वाचन घेण्यापूर्वी प्रत्येक नळी हलवावी. सामू ५ च्या आसपास बलकाचे कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात आणि वरचे पाणी स्वच्छ दिसते. नळी उजेडात तिरकी करून पाहिली की तळाशी भुरकट थर सरकताना दिसतो. ते पचन नव्हे. शेवटी प्रत्येक नळीतला एक थेंब काचकांडीने सामूपट्टीवर टेकवून सामू लिहावा. पाचव्या नळीचा सामू मुख्य नळीइतकाच आहे, सहावी नळी मुख्य नळीबरोबरच निवळली आहे, आणि तरीही पाचवी गढूळ आहे, या तिन्ही गोष्टी वहीत असतील तरच अवरोध हा शब्द लिहावा.

दुसरा प्रयोग: हिमोग्लोबिनवर मोजमाप

वरच्या प्रयोगाने जात कळते, प्रमाण कळत नाही. त्यासाठी ॲन्सन यांनी १९३० च्या दशकात रूढ केलेली हिमोग्लोबिनची पद्धत आजही उत्तम आहे. २.५ टक्के हिमोग्लोबिनच्या ८० मिलि विद्रावात ०.३ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल २० मिलि मिसळून सामू २ चे आधारद्रव्य तयार करावे. शुद्ध पेप्सीन १० मिलिमोलर थंड हायड्रोक्लोरिक आम्लात प्रति मिलि १० मायक्रोग्रॅम या प्रमाणात घ्यावे. ५ मिलि आधारद्रव्य ३७ अंशांवर आणून त्यात १ मिलि पेप्सीन घालावे, नेमक्या दहा मिनिटांनी ५ टक्के ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल १० मिलि घालून क्रिया थांबवावी, पाच मिनिटांनी गाळावे, आणि गाळीव द्रवाची शोषकता २८० नॅनोमीटरवर मोजावी. ब्लँकमध्ये, म्हणजे तुलनेच्या कोऱ्या नळीत, ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल आधी आणि पेप्सीन नंतर घालायचे. हे आम्ल त्वचा भाजते, म्हणून हातमोजे आणि चष्मा आवश्यक आहे. रसायने वाचवायची असतील तर सर्व आकारमाने दशमांश करून सेंट्रीफ्यूज वापरावा.

या पद्धतीत मिनिटाला शोषकता ०.००१ ने वाढवणारे विकर म्हणजे एक एकक. चांगल्या प्रतीचे पेप्सीन मिलिग्रॅममागे सुमारे ३,००० एकके दाखवते, म्हणजे आपल्या १० मायक्रोग्रॅमची ३० एकके होतात आणि दहा मिनिटांत शोषकता सुमारे ०.३ ने वाढते. आकडा याच्या पुष्कळ खाली असेल, तर अवरोधकाकडे वळण्यापूर्वी पेप्सीनची बाटली तपासावी.

आता पेप्सीनच्या त्या १ मिलि विद्रावात पेप्स्टॅटिन ०, ५०, १००, १५०, २००, २५०, ३०० आणि ४०० नॅनोमोलर होईल अशा नळ्या कराव्यात. सगळ्यांत डीएमएसओचे प्रमाण सारखे ठेवावे, दहा मिनिटे थांबावे आणि मग वरीलप्रमाणे मोजावे. आलेख नेहमीसारखा वळणदार येत नाही, सरळ रेषेत उतरतो. याचे कारण हिशोबात आहे. १० मायक्रोग्रॅम प्रति मिलि म्हणजे सुमारे २९० नॅनोमोलर पेप्सीन, आणि पकड ०.०५ नॅनोमोलरची, त्यामुळे घातलेला जवळजवळ प्रत्येक रेणू एकेक विकर पकडून बसतो. ही रेषा क्षितिजअक्षाला जिथे छेदते, तिथे कार्यक्षम पेप्सीनची संहती वाचता येते. समजा छेद २०० नॅनोमोलरवर आला, तर २०० भागिले २९०, म्हणजे वजनाने घेतलेल्या पेप्सीनपैकी सुमारे ६९ टक्केच कार्यक्षम आहे. अवरोधकाचा उपयोग करून विकराची प्रत मोजण्याची ही रीत फार सुंदर आहे आणि ती प्रत्येकाने एकदा तरी स्वतः करून पाहावी.

याच कारणाने, अशा घट्ट अवरोधकासाठी निम्मी क्रिया थांबवणारी संहती हा आकडा एकटा देऊ नये. तो विकराच्या संहतीच्या निम्म्यापेक्षा खाली जाऊच शकत नाही. पेप्सीन दुप्पट घेतले की तोही जवळपास दुप्पट होतो.

वनस्पतींच्या अर्काची चाचणी घेताना

हिरडा, डाळिंबाची साल किंवा एखाद्या पालेभाजीचा अर्क पेप्सीनला रोखतो का, हे पाहणारे प्रकल्प विद्यार्थी आवडीने घेतात. यात फसगतीच्या जागा पुष्कळ आहेत. अर्क घातल्यावर मिश्रणाचा सामू पुन्हा मोजावा, तो २.५ च्या वर सरकला असेल, तर आम्ल वाढवून तो जागेवर आणावा आणि मगच तुलना करावी. अर्काचे रंगद्रव्य आणि फिनॉलयुक्त पदार्थ २८० नॅनोमीटरवर स्वतःच प्रकाश शोषतात, म्हणून अर्काच्या प्रत्येक संहतीला तिचा स्वतंत्र ब्लँक हवा.

सर्वांत मोठा अडथळा टॅनिनचा. हिरडा आणि डाळिंबाची साल यांत ते भरपूर असते आणि ते कोणत्याही प्रथिनाला चिकटून साका पाडते, मग ते विकर असो वा हिमोग्लोबिन. अर्क पीव्हीपीपी या टॅनिन धरून ठेवणाऱ्या, न विरघळणाऱ्या पावडरीबरोबर हलवून, ती गाळून काढून, पुन्हा चाचणी घ्यावी. परिणाम नाहीसा झाला, तर तो बहुधा टॅनिनचा होता. टिकून राहिला, तर तोच अर्क ट्रिप्सीनवरही लावून पाहावा. तो दोन्ही विकरांना सारखाच रोखत असेल, तर त्याची पकड पेप्सीनच्या त्या दोन ॲस्पार्टिक आम्लांवर आहे, असे मानायला आधार उरत नाही.

यानंतर विरलनाची चाचणी करावी. पेप्सीन दसपट तीव्र घेऊन ते अर्काबरोबर दहा मिनिटे ठेवावे, मग १० मिलिमोलर आम्लाने दहापट पातळ करून मोजावे, आणि शेजारी पाण्याबरोबर ठेवलेले तसेच पेप्सीन तितकेच पातळ करून मोजावे. क्रिया परत आली, तर पकड सैल आणि उलटण्याजोगी आहे. परत आली नाही, तर पकड फार घट्ट आहे किंवा विकरच मोडले आहे. अर्क थेट नळीत घालण्याऐवजी डायलिसिसच्या पिशवीत घालून, त्यातले लहान रेणू काढून, मग दोन्ही भाग स्वतंत्रपणे तपासले, तर अवरोधक छोटा रेणू आहे की प्रथिन, हेही कळते.

एखाद्या अनोळखी प्रोटिएजची जात ठरवायची असेल, तर हीच मांडणी उलटी वापरावी. पेप्स्टॅटिन, पीएमएसएफ, ई-६४ आणि ईडीटीए (धातूंचे आयन पकडणारे रसायन) वेगवेगळ्या नळ्यांत घालून फक्त पेप्स्टॅटिनच्या नळीत क्रिया थांबली, तर विकर ॲस्पार्टिक गटातले आहे. चीज बनवताना वापरले जाणारे ऱ्हायझोम्यूकर बुरशीचे विकर अशीच खूण देते. मात्र सामू २ ला ईडीटीए १ मिलिमोलरपेक्षा जास्त ठेवू नये. आम्लात त्याचा पांढरा साका पडतो, आणि अंड्याच्या प्रयोगात तो गढूळपणा न पचलेल्या बलकासारखाच दिसतो.